मृतात्म्यांचीं छायाचित्रें : अस्सलपणाच्या कसोटीचा विचार

अस्सल कागद आणि खरा कागद हे दोन शब्द संशोधकवर्गांत पुष्कळदां एकाच अर्थानें योजले जातात. वस्तुतः ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. एकादी सनद शिक्क्यामोर्तबानिशीं अव्वल अस्सल असूं शकते आणि तींतील मजकूर मात्र साफ खोटा असूं शकतो. उलट, उत्तरकालीन नकलेंत खरी हकीकत जशीच्या तशी उतरलेली असणेंही शक्य असतें. जुन्या कागदपत्रांच्या बाबतींत हा भेद सांगितला असतां सर्वजण मान डोलवितात. परंतु कागदाऐवजीं छायाचित्र हातीं आलें कीं चांगल्या चांगल्यांना त्याचा विसर पडतो. छायाचित्र माणसानें लिहिलेलें नसून प्रकाशानें उमटविलेलें आहे, आणि प्रकाशास खोटें बोलण्याचें प्रयोजन नाहीं, अशी एक समजूत मनांत घर करून बसलेली असते. ही समजूत किती घातक आहे हें पहावयाचें असल्यास इ. स. १८६० नंतरच्या साठ-सत्तर वर्षांत अमेरिका, फ्रान्स व इंग्लंड या देशांत निघालेल्या मृतात्म्यांच्या छायाचित्रांचें प्रकरण तपासावें. भुताखेतांच्या गप्पांत जमा करून सोडून देण्यासारखें हें प्रकरण नाहीं. त्यांत न्यायालयांतील जबान्या आहेत, नामांकित शास्त्रज्ञांच्या साक्षी आहेत, सीलबंद पुडक्यांवरचे वाद आहेत. आणि पुरावा पारखतांना जे जे प्रमाद संभवतात ते बहुतेक सर्व तेथें एकत्र पहावयास मिळतात.

शिवाय या चित्रांस आज संग्राहकांमध्यें मोल आलें आहे. छायाचित्रण आणि गूढविद्या या विषयावर न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें २००५ सालीं स्वतंत्र प्रदर्शन भरविलें होतें. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड येथील राष्ट्रीय संग्रहालयांत विल्यम होप याच्या चित्रांचा एक आल्बम जतन केलेला आहे. तेव्हां ‘हें चित्र अस्सल काय?’ हा प्रश्न आतां केवळ परलोकवाद्यांचा राहिलेला नसून जुन्या वस्तु जमविणाऱ्या सर्वांचाच झाला आहे. आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्न एक नसून चार आहेत. वस्तु म्हणते त्या काळची व त्या कारागिराच्या हातची आहे काय, हा पहिला. चित्र उठल्यावर कांचेंत अगर कागदावर फेरफार झाला आहे काय, हा दुसरा. कांचेवर ज्याचा प्रकाश पडला तो पदार्थ कोणता, हा तिसरा. आणि त्या आकृतीस जें नांव दिलें गेलें तें कोणाच्या आधारावर दिलें, हा चवथा. एकाचें उत्तर दुसऱ्यास लागू करणें हा या सर्व वादाचा मूळ दोष होय.

प्रथम क्रियेचा विचार करूं. १८५१ नंतर प्रचारांत आलेल्या ओल्या कोलोडियनच्या रीतींत कांचेवर कोलोडियनचा लेप देत, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवीत, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालीत आणि चित्र घेतल्याबरोबर अंधाऱ्या खोलींत नेऊन धुवीत. जुनें चित्र पुसून तीच कांच पुन्हां वापरण्याची चाल होती. पुसण्यांत कसूर राहिली म्हणजे, हरताळ लावून पुन्हां लिहिलेल्या पोथीच्या पानांत खालचें अक्षर डोकावतें त्याप्रमाणें, जुन्या माणसाचा पुसट आकार नव्या माणसाच्या पाठीमागें उमटे. म्हणजे पहिलें ‘भूत’ कोणाच्याही लबाडीशिवाय निघणें शक्य होतें. दुसरें असें कीं, त्या वेळीं चित्र घेण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढ्या अवधींत एकादें माणूस क्षणभर उभें राहून निघून गेलें तर तें चित्रांत पारदर्शक दिसे. ही युक्ति सर डेव्हिड ब्रूस्टर यांनीं स्टिरिओस्कोपवरील आपल्या १८५६ सालच्या ग्रंथांत करमणुकीचा प्रकार म्हणून उघडपणें सांगितली आहे. याशिवाय एकाच कांचेवर दोनदां चित्र घेणें, कॅमेऱ्याच्या खाचेंत आधींच तयार केलेलें पातळ चित्र दडवून ठेवणें, दोन कांचांवरून एकाच कागदावर छापणें, अथवा गिऱ्हाइकाची कांच अंधाऱ्या खोलींत हातचलाखीनें बदलणें, हे मार्ग होतेच. या मार्गांपैकीं कोणत्याही मार्गांत कुंचला लावावा लागत नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. भिंग लावून पाहिलें व कुंचल्याची खूण सांपडली नाहीं, एवढ्यावरून चित्र निर्दोष ठरविणारे परीक्षक चुकले ते येथेंच.

या धंद्याचा आद्य पुरुष बॉस्टन येथील विल्यम ममलर हा होय. मूळचा हा जवाहिऱ्याकडील कोरीव कामाचा कारागीर. त्याचीं चित्रें १८६२ च्या सुमारास गाजूं लागलीं. अमेरिकेंत त्या वेळीं यादवी युद्ध चालू होतें व घरोघरीं कोणी ना कोणी गमावलेला होता. त्यामुळें गिऱ्हाइकांस तोटा नव्हता. परंतु १८६३ सालीं परलोकवाद्यांपैकींच एका जाणत्या गृहस्थास असें आढळून आलें कीं, ममलरच्या चित्रांतील कांहीं ‘मृतात्मे’ बॉस्टन शहरांत हिंडत-फिरत असलेल्या जिवंत माणसांचे आहेत. पुढें ममलर न्यूयॉर्कास गेला आणि १८६९ च्या एप्रिलांत फसवणुकीच्या आरोपाखालीं पकडला गेला. सरकारपक्षानें धंद्यांतील माणसें आणून अशीं चित्रें किती रीतींनीं काढतां येतात तें सांगविलें. प्रसिद्ध तमासगीर बार्नम यानें तर, अब्राहाम बोगार्डस या छायाचित्रकाराकडून मुद्दाम काढवून घेतलेली आपली तसबीर दाखविली. तींत त्याच्या मागें अध्यक्ष लिंकन यांची छाया होती. उलटपक्षीं आपलें गेलेलें माणूस चित्रांत ओळखलें, असें शपथेवर सांगणारे साक्षीदार आरोपीनें उभे केले; त्यांत एक माजी न्यायाधीशही होते. शेवटीं मॅजिस्ट्रेट डाउलिंग यांनीं निर्णय दिला कीं, फसवणूक झाली अशी आपली स्वतःची समजूत असली तरी सरकारपक्षानें ती शाबीत केलेली नाहीं. सबब आरोपीस सोडावें.

हा निर्णय कायद्याच्या दृष्टीनें योग्यच होता. परंतु परलोकवाद्यांनीं त्याचा अर्थ केला तो असा कीं, ममलरचीं चित्रें खरीं असल्याबद्दल न्यायालयानें दाखला दिला. आरोप शाबीत न होणें म्हणजे आरोपीचें म्हणणें शाबीत होणें नव्हे. फौजदारी न्यायालयांत सिद्धतेचा भार फिर्यादीवर असतो. इतिहासाच्या न्यायालयांत तो विधान करणारावर असतो. ‘हा मृतात्मा आहे’ असें जो म्हणतो त्यानें तें सिद्ध केलें पाहिजे. चित्र कसें बनविलें हें परीक्षकास सांगतां आलें नाहीं म्हणून तें बनविलेलें नाहीं, असा निष्कर्ष काढणें म्हणजे शिक्का कोणी कोरला हें कळलें नाहीं म्हणून सनद खरी मानण्यासारखें आहे.

ममलरच्या चित्रांपैकीं सर्वांत विख्यात चित्र लिंकन यांच्या विधवा पत्नीचें. बाई काळ्या पोशाखांत बसलेल्या आहेत आणि मागें उभ्या असलेल्या लिंकन यांचे हात त्यांच्या खांद्यांवर आहेत. हें चित्र १८७२ च्या सुमारास बॉस्टनमध्यें घेतलें गेलें. बाई नांव बदलून व चेहरा झांकून आल्या होत्या, आपणांस त्या कोण हें ठाऊक नव्हतें, हा या चित्राच्या बाजूचा मुख्य मुद्दा. परंतु हा मुद्दा आला कोठून? तो खुद्द ममलरनें १८७५ सालीं छापलेल्या आपल्या आठवणींतून आला. ज्याच्या प्रामाणिकपणाचाच वाद, त्याच्याच तोंडची ही हकीकत आहे. लिंकन यांचा १८६५ सालीं खून झाल्यानंतर त्यांच्या तसबिरी घरोघरीं पोंचल्या होत्या, आणि बाईंचा चेहराही देशास अपरिचित नव्हता. तेव्हां येथें निर्णय असा करावा लागतो कीं, वस्तु अस्सल, बाई खऱ्या, त्यांचें दुःख खरें. परंतु पाठीमागच्या आकृतीविषयीं पुरावा शून्य.

आतां चवथ्या प्रश्नाकडे, म्हणजे ओळखीकडे वळूं. परलोकवाद्यांचा सर्व भरंवसा हिच्यावर आहे. डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्यासारखा सूक्ष्म निरीक्षक १८७४ सालीं लंडन येथील हडसन याच्या चित्रशाळेंत बसला आणि निघालेल्या आकृतींत त्यानें आपली आई ओळखली. छायाचित्रकारानें जिला कधीं पाहिलें नाहीं तिचा चेहरा निघाला, याहून अधिक पुरावा तो कोणता, असा हा युक्तिवाद आहे. वरवर पाहतां तो बळकट वाटतो. पण पुढच्याच वर्षीं पॅरिसमध्यें त्याची जी कसोटी लागली तींत तो टिकला नाहीं.

पॅरिस येथील ब्यूगे हा छायाचित्रकार १८७५ सालीं पकडला गेला. पोलिसांचा एक अधिकारी गिऱ्हाईक म्हणून गेला व कांच तयार होतांनाच त्यानें ती हस्तगत केली. चित्रशाळेच्या झडतींत कापडांत गुंडाळलेल्या बाहुल्या आणि पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं डोकीं सांपडलीं. ब्यूगेनें कबुलीजबाब दिला. न्यायालयांत हा मुद्देमाल मांडला असतां जें घडलें तें पुरावाशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासकानें लक्षांत ठेवावें. स्वतः आरोपी सांगत आहे कीं हें पुठ्ठ्याचें डोकें, आणि साक्षीदार सांगत आहेत कीं नाहीं, ही माझी पत्नी, हा माझा मित्र! एकच डोकें निरनिराळ्या घरांत निरनिराळें माणूस म्हणून ओळखलें गेल्याचें उघडकीस आलें, तरी पुष्कळांचा विश्वास ढळला नाहीं. ब्यूगेस एक वर्षाची कैद व ५०० फ्रँक दंड झाला. एलिनॉर सिज्विक यांनीं १८९१ सालीं लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीच्या ग्रंथमालेंत वॉलेस यांस उत्तर देतांना नेमकें ह्याच मर्मावर बोट ठेवलें आहे. अस्पष्ट चेहरा, त्याभोंवतीं कापडाचा वेढा, आणि पाहणाराची उत्कंठा, या तिहींच्या संयोगानें ओळख उत्पन्न होते. ती चित्रांत नसून पाहणाराच्या मनांत असते.

इंग्लंडांतील आर्चडीकन कॉली यांची गोष्ट याहूनही बोलकी आहे. त्यांना होपनें काढलेल्या चित्रांत आपली दिवंगत आई दिसली. होप स्वतः म्हणाला कीं हा चेहरा दुसऱ्या एका बाईसारखा वाटतो. आणि त्या दुसऱ्या घरच्या माणसांनींही ती आपली आजी असल्याचें सांगितलें. कॉली यांनीं उत्तर केलें कीं, माणसास आपली आई ओळखतां येत नाहीं हें म्हणणें वेडेपणाचें होय. मग त्यांनीं आईस ओळखणारांस जाहिरात देऊन बोलाविलें, आणि १८ जणांनीं कित्येक चित्रांतून तेंच चित्र निवडून तसें लिहून दिलें. परलोकवाद्यांच्या वाङ्मयांत ही हकीकत पुरावा म्हणून येते. आम्हांस ती उलट बाजूचा पुरावा वाटते. एकाच चेहऱ्यावर दोन घराण्यांचा हक्क लागला, ह्यांतच ओळखीची किंमत ठरली. साक्षीदार १८ चे १८० झाले म्हणून ती वाढत नाहीं.

आमच्या वाचकांस हें नवें वाटूं नये. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडल्यानंतर त्यांच्या नांवानें जो तोतया उठला, त्यास कित्येकांनीं भाऊसाहेब म्हणून मानलें, त्याच्याभोंवतीं माणसें जमलीं, आणि १७७६ सालीं पुण्यांत त्यास देहान्त शासन होईपर्यंत पेशवाईस त्यानें घोर लाविला. जें माणूस परत यावें असें सर्वांस मनापासून वाटतें, त्याच्या ओळखीची साक्ष सर्वांत दुबळी समजावी, हा धडा आपल्या इतिहासांतही आहे.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तम उदाहरण मृतात्म्यांचें नसून पऱ्यांचें आहे. परंतु पारख करणारे तेच असल्यानें तें येथें घेतों. यॉर्कशायरमधील कॉटिंग्ली गांवीं दोन मावसबहिणींनीं १९१७ सालीं पऱ्यांचीं दोन छायाचित्रें काढलीं. फोटोच्या धंद्यांतील एका अनुभवी माणसानें कांचा तपासून सांगितलें कीं, चित्र एकदांच घेतलेलें आहे व कांचेंत फेरफार नाहीं. त्याचें हें म्हणणें बरोबर होतें. त्यावरून सर आर्थर कोनन डॉइल यांनीं १९२० च्या डिसेंबरांत स्ट्रँड मासिकांत पऱ्या जगास जाहीर केल्या. त्या बहिणींनीं १९८३ सालीं कबूल केलें कीं, पऱ्या कागदावर काढून, कापून, टांचण्यांनीं उभ्या केलेल्या होत्या. कांच खरी, प्रकाश खरा, कॅमेरा खरा. कॅमेऱ्यापुढें मात्र कागद. परीक्षकानें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर दिलें आणि लोकांनीं तें तिसऱ्या प्रश्नाचें म्हणून घेतलें. जुन्या कोऱ्या कागदावर जुन्या धर्तीच्या शाईनें लिहिलेली बनावट यादी अशीच कागदाच्या परीक्षेंत उत्तीर्ण होते.

डॉइल यांचा ‘दि केस फॉर स्पिरिट फोटोग्राफी’ हा १९२२ सालचा ग्रंथ या पक्षाची सर्वांत समर्थ कैफियत समजली जाते. तिचें थोडें परीक्षण करणें अवश्य आहे. प्रसंग असा. क्रू गांवचा सुतार विल्यम होप हा महायुद्धानंतर मुलगे गमावलेल्या आईबापांचें श्रद्धास्थान बनला होता. १९२२ च्या फेब्रुवारींत हॅरी प्राइस यांनीं कांचा बनविणाऱ्या कारखान्याकडून क्ष-किरणांनीं गुप्त खूण केलेल्या कांचा मिळविल्या. त्या धुतल्या असतां सिंहाची आकृति उमटावी अशी ती योजना होती. होपनें काढलेल्या कांचेवर मृतात्मा उमटला, पण सिंह उमटला नाहीं. कांच बदलली गेली हें उघड झालें. डॉइल यांनीं होपची बाजू घेतली व पुडक्याच्या सुरक्षितपणाविषयींच शंका काढली.

डॉइल यांचा हा आक्षेप आम्ही हांसण्यावारी नेत नाहीं. वस्तु कोणाकोणाच्या ताब्यांतून आली याची साखळी तपासणें हें संशोधकाचें पहिलें कर्तव्य होय, आणि त्या साखळींत एक कडी ढिली असेल तर पुरावाही तितकाच ढिला. परंतु जो नियम विरुद्ध पक्षाच्या एका पुडक्यास लाविला तोच आपल्या पक्षाच्या शेंकडों चित्रांस लाविला पाहिजे. त्या चित्रांत कांच भरण्यापासून धुण्यापर्यंत होपचा हात होता, खोली अंधारी होती आणि गिऱ्हाईक शोकाकुल होतें. तेथें मात्र डॉइल यांस साखळी लागत नाहीं. बसणाराचा प्रामाणिकपणा पुरतो. बसणारे प्रामाणिक होते यांत आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. पण प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नव्हताच. डॉइल यांचा वडील मुलगा १९१८ सालीं वारला होता. या गोष्टीचा उल्लेख आम्ही त्यांस हिणविण्यासाठीं करीत नाहीं. साक्षीदाराचा हितसंबंध नोंदविणें हा रिवाज आहे, आणि दुःख हा पैशाहून प्रबळ हितसंबंध आहे, एवढेंच दाखवावयाचें आहे.

पुढील हकीकत या ग्रंथास अनुकूल ठरली नाहीं. लंडनच्या युद्धस्मारकापाशीं १९२४ च्या नोव्हेंबरांत श्रीमती डीन यांनीं घेतलेल्या चित्रांत मृत सैनिकांचे म्हणून जे चेहरे उमटले, त्यांत जिवंत खेळाडूंचे चेहरे असल्याचें एका वृत्तपत्रानें दाखवून दिलें; म्हणजे बॉस्टनचाच प्रकार साठ वर्षांनीं पुन्हां घडला. ज्या फ्रेड बार्लो यांनीं डॉइल यांस ग्रंथाच्या कामीं साहाय्य केलें होतें, त्यांनींच १९३३ सालीं एका सहकाऱ्यासह अहवाल प्रसिद्ध करून होप लबाडी करीत असल्याचें मत दिलें. स्वपक्षाच्या साक्षीदारानें दिलेला हा निर्वाळा आम्ही प्राइस यांच्या प्रयोगाइतकाच वजनदार समजतों.

एकंदरींत आमचा निर्णय असा : मृतात्म्याच्या अस्तित्वाविषयीं पुरावा म्हणून ममलर, ब्यूगे, होप व डीन यांच्या चित्रांची किंमत कांहीं नाहीं. परंतु तेवढ्यानें तीं टाकाऊ ठरत नाहींत, हें आम्ही संग्राहकांस आग्रहानें सांगूं इच्छितों. बनावट कागद हाही ज्यानें तो बनविला त्याच्या काळाचा अस्सल कागद असतो. १८६० नंतरच्या अमेरिकेंत आणि १९१८ नंतरच्या इंग्लंडांत गेलेल्या माणसांसाठीं मागें राहिलेल्यांनीं काय केलें, किती पैसे मोजले, कशास ओळख म्हटलें, याचें इतकें प्रत्यक्ष साधन दुसरें क्वचित् मिळेल. खोटें म्हणून असें चित्र जाळणारा संग्राहक आणि खरें म्हणून त्याची पूजा करणारा संग्राहक, दोघेही सारखेंच नुकसान करतात.

उलट दुसरा धोकाही सांगितला पाहिजे. मोल आलेल्या वस्तूच्या नकला निघतात. ममलरच्या बनावट चित्रांचीही बनावट होऊं शकते. म्हणून अशी तसबीर हातीं आल्यास पुठ्ठा व त्याच्या पाठीवरील चित्रशाळेचा छाप तपासावा. कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला, त्या काळचा आहे काय तें पहावें. बसलेल्या माणसावर व छायेवर उजेड एकाच बाजूनें पडला आहे काय तें पहावें. तोच चेहरा दुसऱ्या कोणाच्या चित्रांत आढळतो काय हें ताडून पहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पाठीमागें लिहिलेलीं नांवें, सोबतचीं पत्रें, पाकिटें, विकणाराची पावती यांपैकीं कांहींही वेगळें करूं नये. तसबिरीवरून कारागिराची युक्ति कळेल. पण ती कोणाच्या घरांत, कोणाच्या नांवानें, किती वर्षें जपली गेली हें त्या कागदांवरूनच कळेल, आणि इतिहासास तेंच हवें आहे.